गेटपाशी सिग्नल येतो का?

चंदीगडच्या दहा मरल्यांच्या कोठीत इंटरनेटची तार बहुधा मधल्या लॉबीत, टीव्हीच्या मागे येऊन थांबते. घराची काळजी मात्र पुढच्या गेटापासून सुरू होते. या दोन टोकांच्या मध्ये विटांच्या दोन जाड भिंती, दिवाणखाना, पोर्च, पोर्चमधली मोटार, हिरवळीचा तुकडा आणि शेवटी पोलादी पत्र्याचं गेट. कॅमेरा ‘वायरलेस’ आहे, म्हणजे तार ओढायची नाही, गेटाच्या खांबावर लावला की झालं, असं समजून लोक खोका घरी आणतात. पुढे काय होतं ते बघायला मी गेलो होतो.

‘राखण’ हा अंकाचा यंदाचा विषय संपादकांनी सांगितला तेव्हा चंदीगड निवडलं, कारण घरं मोठी आणि माणसं कमी हे चित्र या शहरात सेक्टरामागून सेक्टर दिसतं. मुलं कॅनडात किंवा ऑस्ट्रेलियात, आईवडील दोन मजली घरात दोघंच. इथली मराठी कुटुंबंही याला अपवाद नाहीत. पीजीआय रुग्णालय, पंजाब विद्यापीठ, सीएसआयओ ही संशोधन संस्था, चंडीमंदिरची लष्करी छावणी अशा ठिकाणी नोकरीसाठी आलेली कितीतरी माणसं इथेच स्थिरावली. सेक्टर १९ मधल्या महाराष्ट्र भवनात गणपतीला भेटणाऱ्यांत आता सत्तरी ओलांडलेले चेहरे बरेच आहेत.

मी ज्यांच्याकडे उतरलो ते काका केंद्र सरकारच्या एका प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले, काकू शाळेत शिकवत असत. मुलगी टोरांटोजवळ राहते. इथे रात्रीचे दोन वाजतात तेव्हा उन्हाळ्यात तिच्याकडे दुपारचे साडेचार झालेले असतात. घराची रात्रपाळी खऱ्या अर्थानं तीच करते. कॅमेरेही तिनंच तिकडे बसून मागवले. “ती फोन करते, ‘आई, पोर्चचा दिवा राहिलाय लावायचा.’ मग आम्ही उठून लावतो,” काकू म्हणाल्या. पोर्चमधला कॅमेरा नीट चालत होता. गेटाच्या खांबावरचा दिवसातून अनेकदा ‘ऑफलाइन’ व्हायचा, आणि प्रत्येक वेळी टोरांटोहून फोन यायचा.

विटांचं शहर

चंदीगड म्हटलं की ल कॉर्बुझिएचं काँक्रीट डोळ्यांसमोर येतं. २०१६ साली जागतिक वारसा यादीत गेलेला कॅपिटॉल परिसर काँक्रीटचाच आहे. लोक ज्यात राहतात ते चंदीगड मात्र विटांचं. पिएर जानरे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्र्यू यांनी सरकारी घरं आखली तेव्हा आसपासच्या भट्ट्यांची वीट हे स्वस्तात मिळणारं साहित्य होतं, आणि इथल्या उन्हाळ्याला जाड भिंत हेच उत्तर होतं. पुढे लोकांनी स्वतःच्या कोठ्या बांधल्या, त्यांत विटांबरोबर आरसीसीचे खांब आणि स्लॅब आले, संगमरवर आला, पोलादी जाळीची दारं आली. इथला एक मरला २५ चौरस वार धरतात, त्यामुळे दहा मरल्यांचा प्लॉट २५० वारांचा आणि एक कनालचा ५०० वारांचा. घर रस्त्यापासून मागे सरकवून बांधायचं, पुढे मोकळी जागा सोडायची, हे नियमातच आहे.

उन्हाला अडवणारी ही रचना वायफायलाही अडवते. वायफायचा एक पट्टा २.४ गिगाहर्ट्झचा, दुसरा ५ गिगाहर्ट्झचा. पहिल्याची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटर लांब, दुसऱ्याची त्याच्या निम्म्याहून कमी. लांब लहर वीट-सिमेंटमधून त्यातल्या त्यात बरी निघते, आखूड लहर दोन भिंतींत दमते. घराबाहेर लावायचे बहुतेक कॅमेरे म्हणूनच फक्त २.४ वर बोलतात. त्यांना वेग फारसा लागत नाही, पल्ला लागतो.

डासांसाठी लावलेली पोलादी जाळी सगळ्यात फसवी. उत्तर भारतात दाराला आणि खिडकीला जाळीची वेगळी झडप असते. तिच्यातून वारा येतो, उजेड येतो, पलीकडचं झाड दिसतं, म्हणून ती आड येत असेल अशी शंकाच कुणाला येत नाही. पण जिच्या छिद्रांची रुंदी एखाद्या मिलिमीटरची आहे ती धातूची जाळी साडेबारा सेंटिमीटरच्या लहरीला पत्र्यासारखीच वाटते. काचेवरच्या चकचकीत सनफिल्ममध्ये धातूचा थर असेल तर तिचंही तेच. लेझरनं नक्षी कापलेली गेटं हल्ली इथे गल्लोगल्ली दिसतात, त्यांच्यामागे कॅमेरा लपवणं म्हणजे त्याचे कान बांधणं आहे.

घमेल्यांची रांग

घर मोठं असलं की एका राउटरनं भागत नाही, म्हणून मेश आलं. लॉबीत मुख्य राउटर, बाकी खोल्यांत दोन-तीन छोटे नोड आणि सगळ्यांचं मिळून नाव एकच. माणूस घरात फिरला की फोन जवळच्या नोडला धरतो. २०१६ च्या सुमारास असे तयार संच घरगुती बाजारात आले आणि आता सेक्टर २२ च्या मार्केटात कुणीही दुकानदार ते सहज पुढे ठेवतो.

स्लॅबच्या दिवशी घमेली हातोहात वर जातात ती रांग आठवा. मधला माणूस त्याच दोन हातांनी खालचं घमेलं घेतो आणि वर देतो. घेत असताना त्याला देता येत नाही. स्वस्त मेशमधला नोड असाच काम करतो. ज्या रेडिओवर तो कॅमेऱ्याचं ऐकतो त्याच रेडिओवर राउटरला सांगायचं असेल, तर प्रत्येक टप्प्याला वेग साधारण निम्मा होतो. महाग संचात नोड आणि राउटर यांच्या आपसातल्या बोलण्यासाठी वेगळा रेडिओ असतो. आणि नोड लॅन केबलनं राउटरला जोडला तर हा प्रश्न मुळातच राहत नाही. मेश विकणारे ‘तार नको’ हे सांगून विकतात. तरी घरात कुठे एखादी केबल ओढता येत असेल तर ती राउटर आणि पुढच्या खोलीतला नोड यांच्यामध्येच ओढावी, असं मी ठामपणे सांगेन. पुढच्या वीसेक फुटांचं काम हवेवर सोडलं तरी चालतं.

काका-काकूंच्या घरी अशी केबल टाकायला पाइपच नव्हता. जुन्या वायरिंगच्या वेळी टेलिफोनचा पाइप टाकला होता, तो रंगकामात कुठेतरी बुजला. त्यामुळे सगळा भार नोडच्या जागेवर आला.

खांबाशी एक सकाळ

कॅमेरे बसवणारा तरुण सकाळी स्कूटरवरून आला. शिडी, ड्रिल, गिट्ट्यांची पिशवी, केसिंग-पट्टीची भेंडोळी असा त्याचा सरंजाम होता. “सत श्री अकाल, अंकल जी,” म्हणत त्यानं आधी खांबावरचा कॅमेरा न बघता खिशातून फोन काढला. फोनवर सिग्नलचा आकडा दाखवणारं फुकट मिळणारं एक अ‍ॅप होतं. ते उघडून तो लॉबीपासून गेटापर्यंत सावकाश चालत गेला.

तो आकडा नेहमी उणे असतो. शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला. तीननं घसरला तर शक्ती निम्मी, दहानं घसरला तर दहावा हिस्सा. लॉबीत उणे ३८ होता. दिवाणखान्यात उणे ५५. पोर्चमध्ये उणे ६९. गेटाच्या खांबाशी आल्यावर तो उणे ८१ आणि ८३ यांच्यामध्ये नाचत राहिला. “पकड़ेगा नहीं जी,” त्यानं निकाल दिला. उणे ६७ च्या आसपास कॅमेरा सुखानं चालतो, ७५ च्या पुढे अडखळू लागतो आणि ८० च्या पलीकडे त्याचं जोडलेलं राहणं हा योगायोग असतो.

काकांनी त्याला स्वतःचा फोन दाखवला. गेटाशी उभं राहून त्यांच्या फोनवर वायफायच्या दोन कांड्या दिसत होत्या, संदेशही येत होता. मग कॅमेऱ्यालाच काय होतं? याचं उत्तर या सगळ्या विषयाच्या मुळाशी आहे. फोनवरच्या कांड्या राउटरचा आवाज आपल्यापर्यंत किती येतो ते सांगतात. कॅमेऱ्याचं काम उलट्या दिशेचं. त्याला चोवीस तास चित्र पाठवायचं असतं, तेही अंगठ्याएवढ्या अँटेनामधून आणि राउटरहून कमी ताकदीनं. राउटरचा आवाज गेटापर्यंत पोहोचतो म्हणून गेटाचा आवाज राउटरपर्यंत पोहोचेल असं नाही.

पाठवायचं तरी किती असतं? दोन मेगापिक्सेलचा, एच.२६५ पद्धतीनं चित्र दाबून पाठवणारा कॅमेरा सेकंदाला एक ते दोन मेगाबिटांत भागवतो. आजच्या फायबर जोडणीला हे काहीच नाही. चार कॅमेरे लावले तरी फायबर पुरून उरतं. अडचण फायबरमध्ये क्वचितच असते, ती गेट आणि पहिला नोड यांच्यामधल्या हवेत असते. इंटरनेटचा प्लॅन वाढवून गेटावरचा कॅमेरा सुधारत नाही. कितीतरी घरांत हाच पहिला खर्च केला जातो.

दिवाणखान्याचा नोड सोफ्यामागच्या कोनाड्यात, फ्रेमच्या फोटोंच्या आड होता. तरुणानं तो रस्त्याकडच्या खिडकीत आणून ठेवला. खांबाशी आकडा उणे ७४. खिडकीला तीन झडपा होत्या, दोन जाळीच्या आणि मधली नुसत्या काचेची. त्यानं नोड दोन फूट सरकवून काचेच्या झडपेसमोर ठेवला आणि परत गेटापाशी गेला. उणे ६२. दोन फुटांत बारा अंकांचा फरक, म्हणजे सिग्नलची शक्ती सोळापटीच्या घरात वाढली. काकू खिडकीत, तो गेटाशी आणि काका मध्ये हिरवळीवर आकडे मोठ्यानं सांगत उभे, हे दृश्य मला कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा जास्त शिकवून गेलं.

नोड गेटाच्या अगदी जवळ, पोर्चच्या टोकाला का ठेवला नाही, हे मी त्याला विचारलं. तिथे कॅमेऱ्याचा आवाज त्याला छान ऐकू येईल, पण राउटरचा ऐकू येणार नाही, असं तो म्हणाला. नोड दोन्हीकडचं स्वच्छ ऐकू येईल अशा मधल्या जागी लागतो. शिवाय घरातला नोड पावसा-उन्हासाठी बनवलेला नसतो. बाहेर ठेवायचे नोड वेगळे मिळतात आणि त्यांना वीज-नेट एकाच लॅन केबलमधून देता येतं. पण तिथवर केबल नेणारच असाल तर ती सरळ कॅमेऱ्यालाच का देऊ नये, हा त्याचा प्रश्न रास्त होता.

एक नाव, दोन पट्टे

यानंतर कॅमेरा नव्यानं जोडायचा होता, आणि बहुतेक लोक हात टेकतात ते इथे. कॅमेऱ्याचं अ‍ॅप फोनवर एक क्यूआर कोड दाखवतं, तो कॅमेऱ्याच्या भिंगासमोर धरायचा, त्यातून कॅमेरा नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड वाचतो. मेशमध्ये दोन्ही पट्ट्यांचं नाव एकच असतं. फोन ५ वर जोडलेला, कॅमेऱ्याला फक्त २.४ कळतं, आणि अनेक अ‍ॅपना जोडणीच्या वेळी दोघं एकाच पट्ट्यावर लागतात. मग ‘नेटवर्क सापडलं नाही’ असा निरोप येतो आणि माणूस पासवर्डला दोष देत बसतो. नवे मेश संच सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए३ वर ठेवलेले असतात, हे दुसरं कारण. कालपरवाच्या स्वस्त कॅमेऱ्यांना ते उमगत नाही, त्यांना डब्ल्यूपीए२ लागतं.

यावर उपाय बहुतेक संचांच्या अ‍ॅपमध्येच असतो. वस्तूंसाठी वेगळं नेटवर्क उघडायचं, त्याला वेगळं नाव द्यायचं, ते फक्त २.४ वर आणि डब्ल्यूपीए२ वर ठेवायचं. तरुणानं तेच केलं. कॅमेरा पहिल्या फटक्यात जोडला गेला. त्यानं आणखी एक खूण बदलली. घरात फिरणाऱ्या फोनला एका नोडकडून दुसऱ्याकडे झटपट सोपवणारी सोय असते, तिनं काही जुन्या कॅमेऱ्यांचा गोंधळ उडतो. खांबाला खिळलेल्या वस्तूला फिरण्याची सोय नकोच, म्हणून वस्तूंच्या नेटवर्कवर ती बंद.

मग त्यानं काकांना घरातला मेन स्विच पाडायला सांगितला. काका चकित झाले. वीज परत आल्यावर मुख्य राउटर आधी जागा झाला, कॅमेराही झाला, खिडकीतला नोड मात्र दोन-तीन मिनिटं घेत राहिला. तेवढ्या वेळात कॅमेऱ्याला लॉबीतल्या राउटरचा क्षीण आवाज सापडला आणि त्यानं तोच धरला. नोड उठला तरी कॅमेरा हलला नाही. दिवसातून अनेकदा ‘ऑफलाइन’ होण्याचं गूढ इथे उकललं. दिवे गेले की कॅमेरा चुकीच्या डब्याला चिकटायचा आणि पुढचे कित्येक तास तिथेच धापा टाकायचा. ‘हा कॅमेरा याच नोडशी’ अशी बांधणी त्या संचाच्या अ‍ॅपमध्ये होती, ती करून टाकली. ज्या संचात अशी सोय नसेल तिथे फायबरची डबी, राउटर आणि नोड यांना छोटे यूपीएस लावावेत, म्हणजे दिवे गेले तरी ते झोपतच नाहीत.

कॅमेऱ्यातल्या कार्डाची बाबही बघण्यासारखी. सेकंदाला दोन मेगाबिट म्हणजे तासाला साधारण ९०० मेगाबाइट, दिवसाला बावीसेक गिगाबाइट. १२८ गिगाबाइटच्या कार्डावर सलग पाच-सहा दिवसांचं चित्रण राहतं, मग जुनं पुसून नवं. घरातले आठवडाभर गावी गेले आणि चोरी पहिल्याच रात्री झाली, तर परतल्यावर कार्डात ती रात्र उरलेली नसते. निदान हालचालीचे तुकडे तरी दुसरीकडे साठतील अशी सोय असावी. घड्याळही बघावं. नेट तुटलेल्या कॅमेऱ्याचं घड्याळ मागेपुढे होऊ शकतं, आणि पोलीस पहिला प्रश्न वेळेचाच विचारतात.

धुकं, आंबा आणि कोळी

फेब्रुवारीत बसवलेला कॅमेरा जुलैत का रुसतो, याचं उत्तर अंगणात असतं. चंदीगडची झाडी मुद्दाम आखलेली आहे. एम. एस. रंधावांसारख्या वनस्पतींच्या जाणकार प्रशासकानं रस्त्यागणिक झाडं ठरवण्यात पुढाकार घेतला. घरांच्या पुढच्या जागेतही आंबा, शहतूत, कडुनिंब असतातच. पानं पाण्यानं भरलेली असतात आणि पाणी २.४ गिगाहर्ट्झची लहर शोषतं. उघड्या फांद्यांच्या दिवसांत जो सिग्नल पुरेसा होता, तोच श्रावणात भिजलेल्या पर्णसंभारातून जाताना अपुरा पडतो. काका-काकूंच्या खांबावर आंब्याची एक फांदी उतरलेली होती. ती छाटायची ठरलं, पण काकूंनी मोहोर जाईपर्यंत थांबायला सांगितलं.

धुकं वायफायला फारसं अडवत नाही, कॅमेऱ्याच्या डोळ्याला मात्र आंधळं करतं. डिसेंबर-जानेवारीत इथे दाट धुकं उतरतं. रात्री कॅमेरा आपले इन्फ्रारेड दिवे लावतो, त्यांचा प्रकाश धुक्याच्या कणांवर आपटून परत भिंगात येतो आणि पडद्यावर पांढरी भिंत उरते. याला उपाय साधा आहे. कॅमेऱ्यातले दिवे बंद करायचे आणि दुसऱ्या खांबावर, बाजूला साधा दिवा लावायचा. त्याच इन्फ्रारेड दिव्यांकडे किडे येतात, किड्यांसाठी कोळी येतो आणि भिंगापुढे जाळं विणतो. वाऱ्यावर हलणारं जाळं कॅमेऱ्याला माणूस वाटतं, आणि टोरांटोत दुपारी फोन वाजत राहतो. महिन्यातून एकदा मऊ कुंचला फिरवणं हे काम कुठलंही अ‍ॅप करत नाही.

सौर पॅनेलवरचे, बॅटरीचे कॅमेरे अगदी तारमुक्त म्हणून खपतात. शक्ती वाचवण्यासाठी ते झोपलेले असतात आणि अंगाची उष्णता जाणवली की उठतात. उष्णतेच्या फरकावर चालणारा हा संवेदक मे-जूनमध्ये, हवाच माणसाच्या अंगापेक्षा तापलेली असताना, बावचळतो. आणि जानेवारीत चार-चार दिवस ऊन पडत नाही तेव्हा बॅटरी उतरते. पुण्या-नाशिकात जे कॅमेरे बरे चालतात ते इथे वर्षभर तसेच चालतील असं धरून चालू नये. विजेची तार ओढता येत असेल तर ओढावी. ती ओढताना भोकाच्या खाली एक झोल सोडावा, म्हणजे पावसाचं पाणी तारेवरून भिंतीत न शिरता झोलावरून खाली ठिबकतं.

धरमशाला ते पालघर

मेशची कल्पना दिवाणखान्यासाठी जन्मली नव्हती. जिथे तार नेता येत नाही तिथे प्रत्येक ठाण्यानं शेजारच्याचा निरोप पुढे न्यावा, असा तिचा मूळ विचार. चंदीगडहून रस्त्यानं काही तासांवर धरमशाला आहे. घराबाहेर वायफाय वापरायला परवाना लागणार नाही, अशी मोकळीक केंद्र सरकारनं २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याला जानेवारी २००५ मध्ये दिली, आणि त्याच्या पाठोपाठ धरमशालेत डोंगरउतारावरच्या शाळा, दवाखाने, तिबेटी निर्वासितांच्या संस्था एकमेकींना वायफायनं जोडल्या जाऊ लागल्या. एअरजल्दी नावानं पुढे वाढलेलं काम ते हेच. तिथल्या अँटेनांना पावसाइतकाच माकडांचा विचार करावा लागे.

महाराष्ट्रात पालघर जिल्ह्यातल्या गावांना जोडण्यासाठी आयआयटी मुंबईनं ग्राममार्ग नावाचा प्रकल्प केला. दूरदर्शनच्या पट्ट्यातल्या न वापरलेल्या लहरी आणि वायफाय यांची सांगड घालून गावापर्यंत इंटरनेट न्यायचं, असा तो प्रयत्न. ५ गिगाहर्ट्झमधला मोठा हिस्सा परवान्याविना मोकळा झाला तो २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये. आज घरातला नोड ज्या पट्ट्यावर राउटरशी बोलतो ती वाट शहरी ग्राहकांना तेव्हापासून रुंद मिळाली.

मोकळीक सगळ्यांना सारखी असते, म्हणून गर्दीही होते. चंदीगडमध्ये ती मजल्यामजल्यांनी वाढते. एकेका कोठीत तीन मजल्यांवर तीन बिऱ्हाडं, प्रत्येकाचा राउटर, प्रत्येकाचे कॅमेरे. एक ते तीस सेक्टरांतल्या घरांचे असे मजल्यावारी तुकडे पाडण्याला सर्वोच्च न्यायालयानं १० जानेवारी २०२३ ला मज्जाव केला, पण राहणारी माणसं आणि त्यांचे राउटर तर तिथेच आहेत. २.४ च्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच धरतात, १, ६ आणि ११. आपला राउटर ‘ऑटो’वर सोडण्यापेक्षा ज्यावर गर्दी कमी तो चॅनेल पक्का करणं कॅमेऱ्यासाठी बरं.

किल्ली कुणाकडे

वायफायवर चालणारा कॅमेरा हा छोटा संगणकच, आणि त्याला दार असतं. २०१६ साली मिराई नावाच्या प्रोग्रॅमनं जगभरचे कॅमेरे आणि रेकॉर्डर कारखान्यातल्या मूळ पासवर्डनिशी उघडले आणि त्यांची फौज करून अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइटी पाडल्या. आपल्याकडची गोष्ट याहून जिव्हारी लागणारी आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातलं महिलांच्या तपासणीचं चित्रण बाहेर फुटल्याचं उघड झालं. पोलिसांनी पकडलेल्यांत लातूर आणि सांगलीचे तरुण होते. तपासणीच्या खोलीत कॅमेरा असणं ही पहिली चूक, आणि त्याचं दार सताड उघडं असणं ही दुसरी.

सरकारनं एप्रिल २०२४ मध्ये अधिसूचना काढून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेची चाचणी सक्तीची केली. मुदतवाढ मिळून ती ९ एप्रिल २०२५ पासून लागू झाली. त्यामुळे खोक्यावरची नोंदणीची खूण बघून घ्यावी, आणि जुना साठा स्वस्तात मिळतो म्हणून उचलू नये. बाकीची काळजी घरानंच घ्यायची. मूळ पासवर्ड बदलायचा, दुसरी खातरजमा म्हणून फोनवर येणारा ओटीपी चालू ठेवायचा, अपडेट येतील तसे घ्यायचे, आणि कॅमेरे वेगळ्या नेटवर्कवर ठेवायचे, म्हणजे उद्या एखादा कॅमेरा फुटलाच तर काकांच्या बँकेच्या लॅपटॉपपर्यंत वाट जात नाही.

वायरलेसची एक मर्यादा पासवर्डनंही जात नाही. हवेतला संवाद मुद्दाम गोंगाट करून अडवता येतो. ज्या घराची जोखीम मोठी आहे त्यानं निदान एक कॅमेरा, गेटावरचा, तारेवर ठेवावा, आणि बाकीच्यांत कार्ड असावं, म्हणजे वायफाय तुटलं तरी चित्रण थांबत नाही.

समोरच्यांचं अंगण

काका-काकूंच्या गेटावरचा कॅमेरा सुरळीत झाल्यावर पडद्यावर पहिलं स्पष्ट चित्र आलं ते समोरच्या घराचं. हिवाळ्यात तिथल्या आजी हिरवळीवर खाट टाकून उन्हात बसतात, नातीच्या वेण्या घालतात. आता हे टोरांटोत दिसणार होतं. काकूंनी लगेच तरुणाला थांबवलं. अ‍ॅपमध्ये चित्राचा नको तो भाग झाकण्याची सोय असते. त्यानं समोरच्या हिरवळीवर काळी चौकट ओढली आणि कॅमेऱ्याची मान रस्त्याकडे खाली वळवली. दुपारी काकू स्वतः समोर जाऊन सांगून आल्या, की कॅमेरा लावलाय आणि तुमचं अंगण त्यात येत नाही.

२०२३ चा व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा घरगुती वापराला सूट देतो, म्हणून हे सगळं मोकळं रान आहे असं समजू नये. एकाच घरात राहणाऱ्या दोन भावांच्या वादात, राहत्या भागात सहनिवासी व्यक्तीच्या संमतीविना कॅमेरे चालवता येणार नाहीत असं कलकत्ता उच्च न्यायालयानं म्हटलं, आणि सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये त्यात हात घातला नाही. भावांनी मजले वाटून घेतलेल्या इथल्या कोठ्यांना हा निकाल जवळचा आहे. शहर आपल्या चौकांवर सेक्टर १७ मधल्या नियंत्रण केंद्रातून नजर ठेवतं, ते केंद्र मार्च २०२२ मध्ये सुरू झालं. त्या नजरेवर निदान प्रशासनाला जाब विचारता येतो. खांबावरच्या खासगी कॅमेऱ्याबद्दल शेजाऱ्याला विचारायला आपलंच दार असतं.

निघण्याआधी तरुणानं अ‍ॅपचं खातं उघडून दाखवलं तेव्हा एक बाब लक्षात आली. पोर्चचा जुना कॅमेरा ज्यानं पूर्वी बसवला होता, त्यानं खातं स्वतःच्या मोबाइल नंबरावर काढून काकांना फक्त ‘शेअर’ केलं होतं. गेली दोन-अडीच वर्षं त्या पोर्चचा खरा मालक कुणी तिऱ्हाईतच होता. घाईच्या कामात हे सर्रास होतं, आणि बसवणाऱ्याच्या मनात बहुधा वाईट काही नसतं, तरी हे चालू देण्यासारखं नाही. कॅमेरा मूळ स्थितीला आणून काकांच्या नंबरावर नव्यानं नोंदवला, मुलीला त्यांच्याकडून शेअर केला, मगच काम संपलं.

तुमच्या घरी कॅमेरा असेल तर दिवाळीच्या सुट्टीत पाच मिनिटं काढा. अ‍ॅप उघडा आणि खातं कुणाच्या नंबरावर आहे ते बघा. तुमच्या नसेल तर बसवणाऱ्याला आजच बोलावून घ्या.